थायलंडमध्ये घरी कामाला येणाऱ्यांशी बोलताना: उपयोगी थाई वाक्ये

नोकरी, उच्च शिक्षण किंवा पालि आणि बौद्ध अध्ययनासाठी आपली मुले-मुली थायलंडला जातात. विमानतळ, मॉल, ऑफिस इथे इंग्रजीवर भागून जाते. अडचण सुरू होते ती भाड्याच्या खोलीत. एसीतून पाणी टपकते, मोरी तुंबते, आठवड्यातून दोनदा झाडलोट करायला बाई येते, आणि यातल्या कुणालाही इंग्रजी येत नसते. त्यांना ती यावी अशी अपेक्षा करायचे कारणही नाही. त्यांच्या देशात राहायला आपण गेलेलो असतो.

आमच्या ओळखीचा एक तरुण बँकॉकला नोकरीला लागला. खोली साफ करायला येणाऱ्या बाईंना त्याने मोबाईलच्या भाषांतरातून 'बाथरूम साफ कर' असे ऐकवले. वाक्यात चूक नव्हती. पण त्यात ना हाक होती, ना विनंती, ना शेवटचा आदराचा शब्द. बाईंनी काम केले आणि पुढच्या आठवड्यापासून येणे बंद केले. शेजारच्या थाई मुलीने त्याला समजावले, "तू बोललास ते बरोबर होते, पण असे आपण कुणाशी बोलत नाही."

म्हणून ही नोंद. आमच्यापैकी काही जण तिथे राहून आले आहेत आणि इथे आम्ही घरकामगार महिलांबरोबर काम करतो. दोन्हीकडे दिसले ते एकच: कामाची भाषा शिकताना माणसे आधी हुकूम शिकतात आणि आदर राहून जातो. खालच्या यादीत दोन्ही एकत्र दिले आहेत.

आधी उच्चार

थाई उच्चार इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जातात, मराठी माणसाला त्या मानाने सोपे. क आणि ख, त आणि थ, प आणि फ, च आणि छ हे फरक थाईत आहेत आणि आपल्या जिभेला लहानपणापासून येतात. एवढे लक्षात ठेवा:

• 'फ' हा 'फळ'मधला, ओठ मिटून उच्चारायचा. दात ओठाला लावून म्हणायचा वेगळा आवाजही थाईत आहे; तो आम्ही 'फ़' असा लिहिला आहे.
• 'च' नेहमी 'चहा'मधला, 'चमचा'मधला नाही.
• 'ङ' शब्दाच्या सुरुवातीला येतो. 'गंगा'मधला मधला आवाज तेवढा वेगळा काढून पाहा.
• शब्दाच्या शेवटी येणारे क, त, प अर्धवट सोडायचे. 'ख्राप' म्हणताना ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात.
• 'आ' कधी आखूड असतो, कधी लांब. लिहिताना आम्ही तो फरक केलेला नाही, तो ऐकूनच येतो.

खरी परीक्षा सुरांची. थाईत पाच सूर आहेत: सपाट, खालचा, पडता, वरचा आणि चढता. सूर बदलला की अर्थ बदलतो. 'छांग' पडत्या सुरात म्हटले तर कारागीर, वरच्या सुरात म्हटले तर हत्ती. 'क्लाय' पडत्या सुरात जवळ, सपाट सुरात लांब. पत्ता सांगताना हा गोंधळ महागात पडतो, म्हणून पत्ता बोलू नका, नकाशावरचे ठिकाण पाठवा.

सूर चुकला तरी शब्दाची जागा पुष्कळदा वाचवते. 'माय' क्रियेच्या आधी आला तर 'नाही', वाक्याच्या शेवटी आला तर 'का?'. 'माय येन' म्हणजे थंड नाही. 'येन माय?' म्हणजे थंड आहे का?

हाक आणि आदर

वाक्याच्या शेवटी पुरुषाने 'ख्राप' आणि स्त्रीने 'खा' म्हणायचे. कोण बोलते आहे त्यावर हे ठरते, समोर कोण आहे त्यावर नाही. मालक नोकराशी बोलताना हे गाळतो असा नियम थाईत नाही. गाळले तर ते ऐकू येते.

• सवातदी ख्राप / खा : नमस्कार. मूळ शब्द 'स्वस्ति', पालित 'सोत्थि'.
• खॉप खुन ख्राप / खा : आभारी आहे.
• खॉ थोत ख्राप / खा : माफ करा. यातला 'थोत' म्हणजे 'दोष'.
• खुन : तुम्ही. हा शब्द 'गुण'वरून आलेला आहे. नावाआधी लावला की आदरार्थी होतो.

हाक मारण्याची पद्धत आपल्याला परकी वाटणार नाही. आपल्याकडे ताई, दादा, मावशी, काका; तिथे 'फी' म्हणजे मोठा भाऊ किंवा मोठी बहीण, 'नॉंग' म्हणजे धाकटे भावंड, 'पा' म्हणजे आईवडिलांपेक्षा मोठी मावशी किंवा आत्या, 'लुंग' म्हणजे तसेच काका किंवा मामा. वय कळत नसेल तर 'फी' म्हणा. पस्तिशीच्या बाईंना 'पा' म्हटले तर त्या रागावतील, आणि आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला 'नॉंग' म्हणणे हा अपमान आहे.

थाई लोक हात जोडून वंदन करतात, त्याला 'वाय' म्हणतात. लहानाने मोठ्याला आधी करायचे असा रिवाज आहे. कामाला आलेल्या व्यक्तीने हात जोडले तर तुम्हीही जोडा. पायाने वस्तू दाखवू नका.

कामगाराला काय म्हणायचे

घरकामाला येणाऱ्या स्त्रीला बोलीत 'मॅ बान' म्हणतात. 'मॅ' म्हणजे आई, 'बान' म्हणजे घर. गृहिणीलाही हाच शब्द आहे. जुना शब्द 'खोन छाय'. 'खोन' म्हणजे माणूस, 'छाय' म्हणजे वापरणे. वापरायचा माणूस! हा शब्द जुन्या मालिकांमधून तुमच्या कानावर पडेल. तो उचलू नका. 'खोन थाम ङान बान' म्हणा, म्हणजे घरकाम करणारी व्यक्ती. आपल्याकडे 'मोलकरीण' सोडून 'घरकामगार' म्हणायला चळवळीला किती वर्षे लागली ते आठवा. अर्थात समोरासमोर यातले काहीच लागत नाही. 'फी' आणि त्यांचे नाव, एवढे पुरते.

रोजचे घरकाम

इथे एकच साचा शिका: 'छुअय … नॉय'. 'छुअय' म्हणजे मदत करा, 'नॉय' म्हणजे जरा. मध्ये काम घाला, शेवटी ख्राप किंवा खा लावा, की हुकमाची विनंती होते.

• छुअय क्वात बान नॉय : जरा घर झाडता का
• छुअय थू बान नॉय : जरा फरशी पुसता का
• छुअय लांग चान नॉय : जरा भांडी घासता का
• छुअय साक फा नॉय : जरा कपडे धुता का
• छुअय रीत फा नॉय : जरा इस्त्री करता का
• छुअय लांग हॉंग नाम नॉय : जरा बाथरूम धुता का
• छुअय थिंग खया नॉय : जरा कचरा टाकता का

'नाम' म्हणजे पाणी, 'हॉंग नाम' म्हणजे पाण्याची खोली. धुण्यासाठी थाईत दोन शब्द आहेत: कपड्यांना 'साक', भांड्यांना आणि फरशीला 'लांग'. आपणही धुणे आणि भांडी वेगळी धरतो.

दुरुस्तीची कामे

दुरुस्ती करणारा तो 'छांग'. वीजवाला 'छांग फ़ाय', नळवाला 'छांग प्रपा', एसीवाला 'छांग ॲ'. हाक मारताना 'फी छांग' म्हणा. शब्दाचा मूळ अर्थ कसबी कारागीर, त्यामुळे त्यात मान आहे.

• नाम रुआ : पाणी गळते आहे
• थॉ तान : पाइप तुंबला आहे
• सुअम तान : संडास तुंबला आहे
• फ़ाय दाप : वीज गेली आहे
• ॲ माय येन : एसी थंड करत नाही
• ॲ नाम योत : एसीतून पाणी टपकते आहे
• ख्रुअंग साक फा सिया : धुण्याचे मशीन बिघडले आहे
• ख्रुअंग थाम नाम उन सिया : गिझर बिघडला आहे

'नाम उन' म्हणजे ऊन पाणी. दोन्ही भाषांतल्या शब्दांचे नाते नाही, योगायोग आहे, पण लक्षात राहायला सोपा. 'लांग ॲ' म्हणजे एसी धुणे. तिथल्या दमट हवेत हे काम काही महिन्यांनी करावेच लागते, आणि पाणी टपकण्याच्या पुष्कळ तक्रारी तेवढ्यानेच मिटतात.

विजेच्या कामाआधी 'पित फ़ाय कॉन' म्हणा: आधी वीज बंद करा. 'रवांग' म्हणजे सांभाळून. 'आनतराय' म्हणजे धोका. हा आपला 'अंतराय'च. कुणाला लागले तर 'चेप माय?' म्हणजे दुखते आहे का, आणि 'रोंग फयाबान' म्हणजे दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी थायलंडभर १६६९ हा क्रमांक आहे. घरात काम करताना कुणी पडले तर 'ठेकेदार बघून घेईल' म्हणून दार लावून घेऊ नका.

दर आणि वेळ

दर कामाआधी ठरवा. नंतरची घासाघीस दोघांनाही कडू होते.

• खा रॅंग थाव राय? : मजुरी किती?
• रुअम खा अलाय रु यांग? : सुट्या भागांचे पैसे यात धरले आहेत का?
• मी बाय सेत माय? : पावती मिळेल का?
• राप प्रकान की दुअन? : गॅरंटी किती महिन्यांची?
• मी वेला माय? : वेळ आहे का? ('वेला' म्हणजे आपली वेळ.)
• मा दाय की मोंग? : किती वाजता येऊ शकाल?
• वान नी / फ्रुंग नी : आज / उद्या

आकडे असे: नुंग, सॉंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप. शंभर म्हणजे 'रॉय', हजार म्हणजे 'फान'. पाचशे 'हा रॉय', पंधराशे 'नुंग फान हा रॉय'. थाई तरुण चॅटवर ५५५ लिहितात, ते हसणे असते: हाहाहा.

'फॅंग पाय' म्हणजे फार महाग आणि 'लोत दाय माय?' म्हणजे कमी होईल का. ही दोन वाक्ये बाजारात हवी तेवढी वापरा. मजुरीवर वापरताना थांबा. 'खा रॅंग' मधला 'रॅंग' म्हणजे अंगातली ताकद. आपण ज्याची किंमत पाडतो आहोत ते काय आहे, हे तो शब्दच सांगतो.

पगार, सुट्टी, आजारपण

नेहमीसाठी कुणाला कामावर ठेवणार असाल तर कायदा माहीत हवा. थायलंडने २०१२ च्या मंत्रालयीन नियमाने घरकामगारांना आठवड्याला किमान एक सुट्टी, वर्षाला किमान १३ सणांच्या सुट्ट्या, एक वर्ष भरल्यावर ६ दिवसांची वार्षिक रजा आणि वर्षाला ३० दिवसांपर्यंत भरपगारी आजारपणाची रजा दिली. २०२४ च्या नियमाने दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि किमान वेतन घरकामालाही लागू झाले. किमान वेतन प्रांताप्रमाणे बदलते, ते आपल्या प्रांतात किती आहे ते विचारून घ्या.

आठ तासांची मर्यादा आपल्याला परकी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि कारखान्यांतले कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न त्यांनी तिथे लावून धरला. आपल्याकडे २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम झाला, तरी आठवड्याची भरपगारी सुट्टी आजही बाईंना दारोदार मागावी लागते. थायलंडमध्ये जाऊन आपण मालक झालो, की हे विसरायला वेळ लागत नाही.

• ङन दुअन थाव राय? : महिन्याचा पगार किती?
• वान युत वान नाय? : सुट्टीचा वार कोणता?
• वान आथित युत ना ख्राप / खा : रविवारी सुट्टी, बरं का
• ला पुअय दाय : आजारपणाची रजा घेता येईल
• नुअय माय? : दमलात का?
• फाक कॉन ना : आधी जरा विसावा घ्या
• क्लाप बान दाय लॅव : आता घरी गेलात तरी चालेल

वारांची नावे पाठ करायला त्रास नाही: आथित म्हणजे आदित्य, चान म्हणजे चंद्र, आंगखान म्हणजे अंगारक, फुत म्हणजे बुध, सुक म्हणजे शुक्र.

सणांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सोंगक्रान म्हणजे थाई नववर्ष, १३ ते १५ एप्रिल. तेव्हा कामगार आपापल्या गावी जातात. १४ एप्रिलला तुम्ही घरी जयंती साजरी करत असाल, तर स्वयंपाकाला आणि आवराआवरीला त्यांना थांबवू नका. तो त्यांचाही घरी जायचा दिवस आहे. 'विसाखा बूछा' म्हणजे वैशाख पौर्णिमा, आणि तीही तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: ताकद पाहून काम देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगलेचुंगले वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. वरची यादी पुन्हा वाचा. पाचातल्या प्रत्येकासाठी थाईत एक छोटे वाक्य आहे आणि ते पाठ करायला एक संध्याकाळ पुरते.

पाणी आणि जेवण

'किन खाव रु यांग?' म्हणजे जेवलात का? थाई माणसे हे सहज, भेटल्याभेटल्या विचारतात, जसे आपल्या गावात विचारतात. जेवण झाले असेल तर उत्तर येते 'किन लॅव', नसेल तर 'यांग'.

'दुम नाम माय?' म्हणजे पाणी घेता का? उन्हातून आलेल्या कारागिराला थंड पाणी देणे तिथे साधी रीत आहे. आम्ही हे वाक्य मुद्दाम वेगळे काढले आहे. आपल्या शहरांतल्या कित्येक घरांत कामाला येणाऱ्या बाईचा कप आजही वेगळा ठेवलेला असतो, खिडकीत उपडा घातलेला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो भोगला, त्यांच्यापैकी कुणी परदेशात फ्लॅट घेतल्यावर 'त्यांच्यासाठी' प्लास्टिकचा ग्लास वेगळा ठेवू नये. महाडच्या पाण्याचा वारसा सांगणाऱ्या घरात सगळे ग्लास एकाच मांडणीवर असतात.

'हो' म्हणजे हो असेलच असे नाही

थाईत 'क्रेंग चाय' नावाची एक भावना आहे: समोरच्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये म्हणून वाटणारा संकोच. त्यामुळे काम समजले नसले तरी मान डोलते, जास्त वेळ थांबवले तरी 'माय पेन राय' म्हणजे 'काही हरकत नाही' असे उत्तर येते. त्यावर विसंबू नका. 'खाव चाय माय?' म्हणजे समजले का, असे विचारून थांबू नका. एकदा काम करून दाखवा. तुम्हाला समजले नाही तर 'माय खाव चाय' म्हणा आणि 'फूत छा छा नॉय' म्हणजे जरा हळू बोला.

आवाज चढवणे टाळा. चारचौघांत ओरडणाऱ्याची तिथे स्वतःचीच पत जाते. 'चाय येन येन' म्हणजे शांत व्हा, शब्दशः मन थंड ठेवा. हे वाक्य कारागिराला ऐकवण्यासाठी शिकू नका, स्वतःसाठी शिका.

कामगार थाई नसतील तर

थायलंडमध्ये घरकाम करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया म्यानमार, लाओस आणि कंबोडियातून आलेल्या असतात. तुमच्यासारखीच त्यांचीही थाई शिकलेली असते, म्हणून वाक्ये छोटी ठेवा. बर्मी बोलणाऱ्यांना 'मिंगलाबा' म्हणा. त्यात आपले 'मंगल' आहे. आभार मानायला 'चेझू तिन बा दे'. म्यानमारमधून आलेल्या सगळ्यांची भाषा बर्मी नसते. शान आणि कारेन लोकांच्या भाषा वेगळ्या आहेत, तेव्हा आधी विचारा.

त्यांचा कामाचा परवाना आहे का ते पाहा, पण पासपोर्ट किंवा परवाना आपल्या कपाटात ठेवून घेऊ नका. कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवणे थायलंडच्या कायद्याने गुन्हा आहे. कागद ज्याचा, त्याच्या हाती.

पहिल्या आठवड्यासाठी

सगळे एकदम जमणार नाही. पहिल्या आठवड्यात सहा गोष्टी पक्क्या करा: ख्राप किंवा खा, फी, छुअय … नॉय, खॉप खुन, खा रॅंग थाव राय, दुम नाम माय. सूर चुकतील, कारागिराचा हत्ती होईल, समोरची व्यक्ती हसेल. हसू द्या, आणि बरोबर कसे म्हणायचे ते त्यांनाच विचारा. भाषेत त्या तुमच्या शिक्षिका आहेत, आणि शिकवणाऱ्याला थाईत 'ख्रू' म्हणतात, म्हणजे गुरू.